उतरती बॅटरी

१

वायरमन निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती, तरी गल्लीत त्यांना अजून वायरमनच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की म्हणे, "अहो वायरमन, आधी जेवून घ्या." बसडेपोच्या बॅटरी रूममध्ये त्यांची हयात गेली होती. माणसांपेक्षा बॅटऱ्यांशी आपले जास्त जमते, हे ते स्वतःच सांगत. बॅटरी खोटे बोलत नाही, एवढेच कारण ते देत.

दर रविवारी नाश्ता उरकला की नऊच्या ठोक्याला ते मीटर घेऊन मागच्या अंगणात जात. तिथे त्यांची घरगाडी उभी होती. भंगारात निघालेली मिनीबस विकत घेऊन दोघांनी चार वर्षे खपून तिचे घर केले होते. मागे झोपायचा बाक, मध्ये ओटा आणि पेल्याएवढे बेसिन, छताला पंखा. खिडक्यांना बायकोने शिवलेले जाड निळे पडदे होते, आणि ती शिवणकामातली असल्यामुळे पडद्यांना अस्तरही होते. दोन उन्हाळे गाडी मनसोक्त फिरली. मग गेल्या वर्षी बायकोच्या हृदयाने दगा दिला. महिनाभर दवाखाना झाला, डॉक्टरांनी दगदग बंद केली, आणि गाडी जी अंगणात लागली ती लागलीच.

उभ्या गाडीची बॅटरी फिरत्या गाडीच्या बॅटरीपेक्षा लवकर मरते, हे लोकांना पटत नाही. वायरमनना ते पाठ होते. म्हणून अडगळीच्या खोलीत फळीवर चार्जर ठेवलेला होता. त्याची पिन भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये होती, आणि त्याची लाल-काळी वायर खिडकीच्या गजांमधून अंगण ओलांडून गाडीपर्यंत गेली होती. गाडीच्या कुशीला बॅटऱ्यांचा कप्पा होता, तो बाहेरूनच उघडायचा. आत चढायचे काही कामच पडत नसे. चार्जर शहाणा होता. बॅटरी भरेपर्यंत भरायचा, मग नुसता धरून ठेवायचा. बटण बारा महिने चालू.

तेरा पूर्णांक पाच. वर्षभर दर रविवारी मीटरने हाच आकडा दाखवला होता. त्या रविवारी बारा पूर्णांक दोन आला.

वायरमननी मीटर झटकला, टोके पुसली, पुन्हा लावली. आकडा हलला नाही. चार्जर चालू असताना बॅटरी निम्म्यावर उतरली होती.

२

"घरगाडीत कोण बसतं गं?" त्यांनी घरात पाऊल टाकताच विचारले.

बायको मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. "कोण बसणार? किल्ली तुमच्या डोळ्यांसमोर खुंटीला आहे."

"बॅटरी उतरलीय. म्हणजे आत कुणीतरी दिवा नाहीतर पंखा लावतंय."

"म्हातारी झाली असेल."

"कोण?"

"बॅटरी. माझ्याकडे काय बघताय?" ती हसली, पण दोरा सुईत जाईना. थोड्या वेळाने तिने मान वर न करता विचारले, "तशी ती अजून किती दिवस पुरेल? आपलं साधारण?"

वायरमन चपापले. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने बॅटरीविषयी एक अक्षर विचारले नव्हते. उलट डेपोच्या गोष्टी निघाल्या की ती उठून कुकर लावायची. आणि आता पाणी किती घालतात, जास्त घातले तर काय होते, एकदम बसते की हळूहळू, असे काय काय विचारत राहिली. त्यांनी उत्तरे दिली. शिकवायचा मोह त्यांना आवरत नसे.

पण मनात पाल चुकचुकली होती. दुपारी आपला डोळा लागला की ही गाडीत जाऊन पडत असावी, असा त्यांनी अंदाज बांधला. त्या पायऱ्या उंच, हिला चढायची बंदी. तिथे चक्कर येऊन पडली तर हाकही ऐकू यायची नाही. त्यांना राग आला आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली.

मग त्यांनी चोर पकडायचा ठरवला. तिच्याच रिळातला पांढरा दोरा घेऊन गाडीच्या दाराच्या मुठीपासून आरशाच्या दांड्यापर्यंत ताणला आणि दुहेरी गाठ मारली. दार उघडले की दोरा तुटणार, हा हिशेब.

पुढच्या रविवारी दोरा जसाच्या तसा होता. वायरमनना स्वतःची लाज वाटली. म्हातारपणी बायकोवर पाळत ठेवायची म्हणजे अतीच झाले. तरी सवयीने त्यांनी चष्मा लावून गाठ पाहिली. गाठ त्यांची नव्हती. त्यांची गाठ म्हणजे नुसता गुंता असायचा. ही बारीक, सपाट होती, टोक दाताने तोडलेले. त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणे अशाच गाठीने लागलेली होती.

बॅटरी अकरा पूर्णांक नऊवर होती.

३

त्यांनी बायकोला काही विचारले नाही. आता विचारून काय, ती नाहीच म्हणणार. पुराव्यानिशी बोलायचे ठरवून त्यांनी कपाटातून चिमटा मीटर काढला.

हा मीटर वायरीला नुसता कवटाळायचा, की आतून किती करंट जातोय ते दिसते. त्याच्या जबड्यावर एक बाण असतो. करंट ज्या दिशेने जातो तिकडे बाणाचे तोंड हवे. उलटा धरला तर आकड्याआधी उण्याची खूण येते. डेपोत नवीन पोरे हीच चूक करायची आणि वायरमन त्यांचा उद्धार करायचे.

बायको कोपऱ्यावरच्या दुकानात बटणे आणायला गेली होती. वायरमननी बाण गाडीकडे करून लाल वायर चिमट्यात धरली. उणे तीन पूर्णांक चार.

"उलटा धरला की काय," ते स्वतःलाच म्हणाले. नीट पाहिले. बाण गाडीकडेच होता. फिरवून घराकडे केला. उण्याची खूण गेली.

म्हणजे गाडीतून घरात करंट येत होता. हे होऊ शकत नव्हते. चार्जरमधून उलटे यायला वाटच नसते, आणि आले तरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये शिरून ते करणार काय? पाच वेळा त्यांनी मीटर फिरवला. मग मीटरच बिघडलाय असे ठरवले. पिन काढून बघू, सोक्षमोक्ष लागेल, म्हणून ते अडगळीच्या खोलीत आले. साडेनऊ वाजले होते. खिडकीतून ऊन पत्र्याच्या पेटीवर पडले होते. त्यांनी पिन धरली आणि ओढली.

पिन सॉकेटमध्येच होती. ऊन पेटीवर नव्हते, ते भिंतीशी सरकले होते. दारात बायको उभी होती, खांद्याला पिशवी तशीच, आणि तिला धाप लागली होती.

"काय शोधताय इथे?" तिने विचारले. तिचे डोळे लाल होते.

"तू लगेच आलीस?"

"मग काय, बटणंच तर आणायची होती."

वायरमन बाहेर आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. त्यांचे पाय भरून आले होते. दिवसभर रांगेत उभे राहिल्यावर येतात तसे.

४

माणसाचे डोके मोठे इमानी असते. अडचण आली की ते कारण शोधून आणतेच. वायरमनच्या डोक्याने त्यांना गोळ्यांचे कारण आणून दिले. त्यांतूनच भूल मिळत असणार. रक्तदाबाच्या म्हणून बायको रोज संध्याकाळी गोळ्या हातावर ठेवायची. त्या कशाच्या आहेत हे त्यांनी कधी वाचले नव्हते. त्या दिवसापासून ते गोळी जिभेखाली धरून बेसिनमध्ये थुंकू लागले.

तब्येतीत काडीचा फरक पडला नाही. एवढेच की आता त्यांना सगळे दिसू लागले. खुंटीवरची किल्ली नव्हती. ती बायकोच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती, ब्लाऊजच्या आत. दाढीचा साबण दोन महिने पुरायचा, तो पंधरा दिवसांत झिजला होता. एके दुपारी ते झोपेचे सोंग घेऊन पडले आणि तिने पाठ फिरवताच जिन्यातल्या झरोक्याशी जाऊन उभे राहिले. बायको वाडग्यात गरम पाणी आणि खांद्यावर टॉवेल घेऊन गाडीत चढली, बंदी असलेल्या पायऱ्या एकेक करत. पाऊण तासाने उतरली. टॉवेल ओला होता. तिने दार लावले, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि क्षणभर गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली.

वायरमन तो हात पाहत राहिले. इतका मऊ हात तिने आपल्यावर कधी ठेवला होता, ते त्यांना आठवेना. सहासष्टाव्या वर्षी मत्सर वाटावा हे हास्यास्पद होते. ते स्वतःही एकदा कसेनुसे हसले. मग मात्र ते जिन्यात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ती गिऱ्हाईकाची मापे घेत असताना ते गाडीपाशी गेले आणि पत्र्याला कान लावला. पडदे घट्ट ओढलेले होते. आधी काही नव्हते. मग बाकाची फळी करकरली, कुणीतरी कूस बदलावी तशी. आणि पुरुषी खोकला आला, कोरडा, दोनदाच.

चोर म्हणावा तर बायको त्याची दाढी करते. पाहुणा म्हणावा तर घरात का नाही? आणि हा कोण एवढा आळशी, की दिवसरात्र पडून असतो? वायरमननी खूप डोके खाजवले. शेवटी त्यांनी साक्षीदार बोलवायचा ठरवला.

५

बायकोचा धाकटा भाऊ औषधाचे दुकान चालवायचा. शांत, पापभीरू माणूस. रविवारी सकाळी तो आला तसे वायरमननी त्याला अंगणात नेऊन सगळे सांगितले. गोळ्या, साबण, टॉवेल, खोकला.

"भाऊजी, वयाला शोभेल असं बोला," मेहुणा म्हणाला. पण तो गाडीकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता, असे वायरमनना वाटले.

"मी पिन काढली की पावणेदोन तास गायब होतात. तेवढ्यात तुझी ताई काहीतरी करते. आज तू पिन काढ. मी तिच्यासमोर बसतो, पापणी मिटत नाही. काय करते ते कळेल."

"कशाला उगाच?"

"तूही सामील आहेस?"

मेहुण्याचा चेहरा पडला. "मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "ताईनं सांगितलंय, त्या वायरीला हात लावायचा नाही. एवढंच."

"मग लावच."

स्वयंपाकघरात बायको टेबलाशी बसून अभ्र्याला काजे करत होती. वायरमन समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. तिला वाटले लाडात आलेत. ती हसली, आणि मग शेजारच्या खोलीत भावाची पावले ऐकून तिचे हसू मावळले.

"अरे, नको," ती ओरडली. "त्याला हात नको लावू."

"काढ," वायरमन म्हणाले. "मी मोजतो. एक, दोन—"

बायको समोर नव्हती. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती आणि तिने त्यांचे गुडघे घट्ट धरले होते. टेबलावर तिची कात्री, पेचकस आणि तुटलेली पिन पडली होती. मेहुणा ओट्याला टेकून उभा होता. त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि बोटे काळी झाली होती.

"अजून ओढली नाहीस?" वायरमननी विचारले.

मेहुण्याने काळी बोटे शर्टाला पुसली. "ओढली, भाऊजी. तुटली हातात. ताईनं नवी बसवेपर्यंत सव्वा तास गेला." मग तो म्हणाला, "तुमचे डोळे उघडेच होते." आणि चपला न घालता निघून गेला.

६

वायरमननी तुटलेली पिन उचलून पाहिली.

"कधीपासून?" वायरमननी विचारले.

"दवाखान्यातून आल्यापासून."

"दवाखान्यात तू होतीस."

तिने उठून त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. वायरमन आठवू लागले. त्या महिन्यातले त्यांना फक्त छत आठवत होते. पांढरे छत, मध्ये नळीचा दिवा, आणि कडेने पुन्हा पुन्हा येणारा बायकोचा चेहरा.

"किल्ली दे," ते म्हणाले.

"नका जाऊ. वायरी बाहेरून बघा हवं तर."

त्यांनी हात पुढेच धरला. तिने गळ्यातला दोरा काढला.

गाडीत औषधाचा, साबणाचा आणि बंद खोलीचा वास होता. ओट्यावर वाडगा, घडी केलेले टॉवेल, वाटीत चमचा. मागच्या बाकासमोर तिने आणखी एक पडदा लावला होता, त्यालाही अस्तर होते. बॅटऱ्यांच्या कप्प्यातून वायरी वर आल्या होत्या. त्या बॅटरीशी थांबल्याच नव्हत्या. लाल आणि काळी, दोन्ही शेजारी शेजारी त्या पडद्याखाली गेल्या होत्या.

वायरमननी पडदा वीतभर सारला. कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांना मान दिसली, ताजे कापलेले पांढरे केस दिसले, आणि त्यांच्या स्वतःच्या निळ्या शर्टाची पाठ दिसली. श्वास चालू होता. एक श्वास आला, मग इतका वेळ काहीच नाही, की वायरमननी मनात आकडे मोजले, मग दुसरा. खांद्याचे हाड शर्टातून वर आले होते. या माणसात फारसे काही उरले नव्हते.

त्यांनी चेहरा पाहिला नाही. पडदा सोडला.

"याला उतरवून मला चालवतेस?" पायरीशी उभ्या असलेल्या बायकोला त्यांनी विचारले.

"तो उठत नाही," ती म्हणाली. "वर्षभर हाका मारतेय. किती केलं त्याचं. ओळखसुद्धा देत नाही." तिचा आवाज फुटला. "तुम्ही निदान भांडता तरी."

"आणि तो संपला की?"

"म्हणून तर विचारत होते, किती दिवस पुरेल."

वायरमनना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. संशय घेतल्याची शरम वाटली, आणि तिची इतकी दया आली की त्यांना तिथेच पायरीवर बसावे लागले.

७

अडगळीच्या खोलीत नवी पिन पांढरीशुभ्र दिसत होती. तिने ती नीट बसवली होती, एकही तार बाहेर नव्हती. वायरमननी मनापासून तिचे कौतुक केले.

"त्याचं त्याला राहू दे," ते म्हणाले. "असं कुणाचं काढून घेऊ नये. कदाचित उठेलही. त्याच्याशी भांड."

"मला एकटीला नाही जमायचं."

"जमेल. पिन बसवायला जमली की नाही? माझ्यानंतर हात लावायचा नाही. शब्द दे."

तिने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही. वायरमननी पिन धरली, तिच्याकडे पाहिले आणि ओढली.

पिन सॉकेटमध्येच होती.

खोलीला वेगळा रंग होता. फळीवर चार्जर नव्हता, पत्र्याची पेटी नव्हती. खिडकीबाहेर गाडी नव्हती आणि ती उभी असायची तिथे गुडघाभर गवत वाढले होते. वायरमनच्या खांद्यावर शाल होती. कुणीतरी त्यांची धूळ नुकतीच पुसली होती.

समोर खुर्चीत एक म्हातारी बसली होती. तिचे केस पांढरेफटक झाले होते आणि मान किंचित हलत होती. तिला ओळखायला वायरमनना वेळ लागला.

"सात वर्षं पाळला शब्द," ती म्हणाली. "तो त्याच महिन्यात गेला हो. न उठताच गेला. मग मला करमेना."

"मग हे कशावर..." वायरमन म्हणाले आणि त्यांची नजर सॉकेटवरून वायरीवर गेली. वायर खिडकीकडे गेलीच नव्हती. लाल आणि काळी, शेजारी शेजारी, ती फरशीवरून खुर्चीपर्यंत आली होती, आणि तिथून म्हातारीच्या स्वेटरच्या बाहीत शिरली होती. बाहीचे तोंड तिने बारीक टाके घालून शिवून टाकले होते.

वायरमनचा हात पिनेकडे गेला. तिने दुसऱ्या हाताने तो धरला. तिच्या बोटांत जोर असा नव्हताच, पण ती सोडेना.

"आजचा दिवस राहू द्या," ती म्हणाली. "बोला काहीतरी. रागवा हवं तर."